मलाक्काचा पूल, खिशात चिल्लर

बसमधून उतरल्यावर तुम्ही आधी खिसा चाचपता. क्वालालंपूर ते मलाक्का हा जेमतेम दोन तासांचा रस्ता, पण बस अशी गार की स्वेटर आणला नाही म्हणून स्वतःलाच चार शिव्या घालून झालेल्या. भाडं गेलं. आता उद्या सकाळपर्यंत साठ रिंगिट पुरवायचे आहेत आणि त्यातले निम्मे रात्रीच्या खाटेला जाणार. एका रिंगिटचे साधारण वीस रुपये. हा गुणाकार पहिले दोन दिवस डोक्यात अखंड चालतो, तिसऱ्या दिवशी थकतो, आणि मग तुम्ही इथल्यांसारखेच कुरकुरायला लागता. पलीकडचा रोटी चनाय दोनला देतो, हा अडीच घेतो म्हणजे काय!

कमी पैशांत फिरणाऱ्याला पाट्या वाचायला भरपूर वेळ मिळतो. टॅक्सी परवडत नाही म्हणून तुम्ही चालता. अक्षरं रोमन आहेत, पण जरा मोठ्यानं वाचलं की आतून ओळखीचं कोणीतरी डोकावतं. विजेच्या डब्यावर लिहिलंय 'बहाया'. भय. वसतिगृहावर 'आस्रामा'. आश्रम. कपडे धुऊन देणाऱ्याच्या दुकानावर ठसठशीत 'दोबी', तिथं तर फोड करायचीही गरज नाही. तुमच्या खाटेची मालकीण नवऱ्याची ओळख 'सुआमी' म्हणून करून देते, स्वतःची 'इस्तेरी' म्हणून. स्वामी आणि स्त्री. मग महागाईचा विषय निघतो, ती कपाळाला हात लावते आणि म्हणते, 'सेंग्सारा!' मलय भाषेत याचा अर्थ हालअपेष्टा. मूळ शब्द आहे संसार. आपल्या बायांना जे सांगायला जात्यावरच्या ओव्यांवर ओव्या लागल्या, ते या लोकांनी एका शब्दाच्या अर्थात बसवून टाकलं.

तिच्या वाड्यातून निघून तुम्ही नदीवर येता. नदी कसली, ओढाच म्हणायचा. त्यावर छोटासा पूल. पुलाच्या पूर्वेला टेकडी, टेकडीवर मोडकं चर्च, पायथ्याशी डचांच्या लाल इमारती. पश्चिमेला अरुंद बोळ, दुकानं, देवळं, मशिदी, खाण्याच्या गाड्या. गावाची ही वाटणी सहाशे वर्षांत बदललेली नाही. पूर्वेच्या काठावर राज्य करणारे राहतात, पश्चिमेच्या काठावर विकणारे. तुमच्यासारख्याचं काम अर्थातच पश्चिमेला.

पन्नास सेनचं नाणं हातात घ्या. कडेला खाचा लागतील. 'रिंगिट' या शब्दाचा अर्थच मुळी दातेरी. स्पेनचे चांदीचे डॉलर या समुद्रात शतकानुशतकं फिरले, त्यांच्या दातेरी कडेवरून लोकांनी पैशाला हे नाव दिलं. डॉलर गेले, नाव राहिलं. त्या खाचेवर अंगठा दाबून ठेवा आणि पूल ओलांडायला लागा.

चौथ्या पावलाला सिमेंट संपतं आणि पायाखाली लाकूड वाजायला लागतं.

डोक्यावर छप्पर आलंय. पुलावरच दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, दाटीनं, आपल्या आठवडी बाजारातल्या पालांसारखी. शंभर वर्षांपूर्वी चीनच्या आरमाराबरोबर आलेल्या मा हुआन नावाच्या दुभाष्यानंही हा पूल पाहिला होता. वर वीसेक मंडप आणि सगळी देवघेव तिथेच चालते, असं त्यानं लिहून ठेवलंय. हे साल १५१०. पावसाळी हवा आहे, घाम अंगावर चिकटून राहतो, आणि एका दुकानातून असा वास येतो की तुम्ही थबकता. सुकवलेला, कुटलेला जवळा. इथे त्याला बलाचान म्हणतात. मालवणात वाढलेल्या माणसाला या वासापुढे परदेशात आल्याचं भान राहणं कठीण.

खिशात हात घालता तर रिंगिट नाहीत. कथिलाच्या काही चपट्या चकत्या आहेत. हे राज्य कथिलावर उभं आहे, नाणंही कथिलाचंच. किती आहेत ते तुम्हाला कळत नाही, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कमी आहेत हे लगेच कळतं.

आजूबाजूला जे बोलणं चाललंय त्यातलं एक अक्षर सलग समजत नाही. दोन वर्षांनी इथे तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज औषधवाला येईल, याच बाजारात बसून जाडजूड टिपण लिहील, आणि त्यात नोंदवील की मलाक्कात चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडतात. कुठकुठली माणसं इथे येतात त्याची लांबलचक यादीही तो देईल : कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, गुजरात, बंगाल, पेगू, सयाम, चंपा, चीन. त्या यादीत मध्येच तीन नावं येतात. चौल, दाभोळ, गोवा.

म्हणून मागून "कुठले हो तुम्ही?" असं ऐकू आल्यावर तुम्ही फार दचकू नका.

माणूस दाभोळचा आहे. डोक्याला फडकं, कानात बाळी, हाताला दोरखंडाचे घट्टे. स्वतःला नाखवा म्हणवतो. इथले लोक त्याला नाखोदा म्हणतात, शब्द एकाच फारसी खोडाच्या दोन फांद्या. कापड घेऊन आलाय. पश्चिमेकडून आलेल्या मालावर शेकडा सहा जकात भरून, वर अधिकाऱ्यांना नजराणे देऊन त्याचा हात आखडलाय. परत जाताना जायफळ, लवंग, जमलंच तर थोडं चिनी रेशीम न्यायचं त्याच्या मनात आहे. मग निघत का नाही? तो तुमच्याकडे येड्याकडे बघावं तसं बघतो.

वारा कुठे आहे?

इथेच या गावाची सगळी मेख आहे. नैर्ऋत्येचा वारा हिंदुस्थानची जहाजं इकडे ढकलतो. ईशान्येचा वारा त्यांना परत नेतो आणि चीनची जहाजं इकडे आणतो. मधले काही महिने थांबण्यावाचून कोणालाच गत्यंतर नसतं. मलाक्का या दोन वाऱ्यांच्या सांध्यावर वसलंय. थांबायचं म्हणजे खोली हवी, गोदाम हवं, रांधणारं कोणीतरी हवं. दोन-तीन फेऱ्यांनंतर खोलीचं घर होतं आणि रांधणारी बायको होते. मुलं आईची भाषा बोलतात आणि बापाच्या देवाला नमस्कार करतात. पुढे कोणी याला 'बहुसांस्कृतिक समाज' वगैरे म्हणेल. नाखव्याच्या लेखी ती मोसमाची वाट पाहणारी माणसं आहेत. आपला मोसम आणि मलय 'मुसिम' हाही एकच शब्द, अरबांच्या जहाजातून उतरलेला.

"तुम्ही कोणाच्या हाताखाली?" तो विचारतो. सुलतानानं चार शाहबंदर नेमलेत. एक फक्त गुजरात्यांचा. एक तमिळ, बंगाली, पेगूवाले यांचा. एक जावा आणि पूर्वेकडच्या बेटांचा, एक चीन-चंपाकडच्यांचा. तुमचं भांडण, तुमचं वजन, तुमचं गोदाम, सगळं त्या त्या शाहबंदराकडे. आलात की आधी आपली रांग धरायची. तुम्ही 'मराठी' म्हणून कुठली रांग आहे का ते शोधता. नाही. नाखवा हसतो आणि म्हणतो, मी गुजरात्यांच्या मागे उभा राहतो, तुम्ही माझ्या मागे राहा.

तो तुम्हाला केळीच्या पानावर भात देतो, वर मासा आणि ती जवळ्याची चटणी. पैसे घेत नाही. खाताना बोलता बोलता फिरंग्यांचा विषय निघतो आणि त्याचा आवाज उतरतो. दीड वर्षापूर्वी, १५०८ सरता सरता, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारानं दाभोळ जाळलं. पोराचा सूड म्हणून. पोरगा चौलजवळच्या लढाईत मेला होता. दाभोळानं काय केलं होतं, हे नाखव्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. यंदा निघताना गोवा पडल्याचं कानावर आलं होतं. "इतक्या लांब ते येणार नाहीत," तो म्हणतो. सुलतानाच्या कोठडीत गेल्या वर्षीपासून काही पोर्तुगीज कैद आहेत हे त्यालाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तुम्हाला पुढचंही ठाऊक आहे. तुम्ही भाताकडे बघत राहता.

सांगून उपयोग नसतो. १ जुलै १५११ ला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कची जहाजं समोरच्या समुद्रात उभी राहतील. २५ जुलैला, सेंट जेम्सच्या सणादिवशी, पहिला हल्ला होईल, तो याच पुलावर. पूल हातात आला की राजाचा काठ आणि बाजाराचा काठ एकमेकांपासून तुटतात, हे त्या माणसानं बरोबर ओळखलं होतं. सुलतानावर नाराज असलेले चिनी व्यापारी त्याला आपल्या नौका देतील. दुसऱ्या खेपेला भरतीवर एक उंच जंक तरंगत आणून पुलाला भिडवतील आणि ऑगस्टमध्ये गाव पडेल. मशिदींचे आणि राजांच्या थडग्यांचे दगड काढून किल्ला बांधतील. लुटीनं भरलेलं 'फ्लोर दो मार' जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडेल. ती लूट अजून कोणाला लाभलेली नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

तुम्ही पूल उलट ओलांडता, पूर्वेकडे, टेकडी चढता. वर पोचेपर्यंत त्रेचाळीस वर्षं गेलेली असतात.

१५५३. छोट्या चर्चमध्ये ताजी बुजवलेली कबर आहे. फ्रान्सिस झेवियर गेल्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. मार्चमध्ये त्याला इथे आणून पुरलं. गोव्याला दर दहा वर्षांनी ज्याच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटतो, तो आधी नऊएक महिने या गावात होता. या वाटेवरचा माणूस कुठेही निघो, इथे थांबतोच. संतसुद्धा सुटला नाही. डिसेंबरात जहाज निघेल आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला लागेल. आज या रिकाम्या खड्ड्यावर जाळी आहे आणि जाळीतून लोक नाणी टाकतात. तुम्हीही वीस सेन टाकता, मग जेवणाचा हिशेब आठवतो आणि जरा हळहळता.

डचांसाठी फार थांबू नका. त्यांनी १६४१ मध्ये गाव घेतलं, पण त्यांचं सगळं लक्ष जावातल्या बटाव्हियावर. मलाक्का हे त्यांना प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नये एवढ्यापुरतं हवं होतं. इमारती मात्र टणक बांधल्या. किल्ल्याचा जो एकुलता एक दरवाजा आज उभा आहे, तो पोर्तुगिजांचा म्हणून लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, आणि त्याच्यावर सन कोरलाय १६७०, डच कंपनीच्या चिन्हासकट. बाकीचा किल्ला १८०७ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून उडवला. बांधायला दगड कोणाचे, नाव कोणाचं, शिक्का कोणाचा आणि सुरुंग कोणाचा. सरकारी काठाचा इतिहास हा असा आहे.

पुन्हा पुलावर या. एकोणिसावं शतक अर्धं सरलंय. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून आता ईस्ट इंडिया कंपनीची एक वसाहत आहे. कंपनीचा हिशेब रुपयात, बाजाराचा डॉलरात, आणि बाजार काही कंपनीचं ऐकत नाही. तुमच्या मुठीत तांब्याचे पैसे आहेत.

रस्त्यावर खडी फोडायचं काम चाललंय. पायात बेड्या. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेली ही माणसं. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमानच आठवतं. अंदमानच्या आधी कित्येक दशकं ते इकडे होतं. इथले रस्ते, पूल, दलदलीत घातलेले भराव, कितीतरी सरकारी इमारती या हातांनी झाल्या. शिक्षा संपल्यावर, किंवा सुटीचा परवाना मिळाल्यावर, बरेच जण परत गेलेच नाहीत. गाडीवान झाले, गवळी झाले, बाजारात मिसळले.

तुम्ही बाजूनं जाताना त्यांच्यातला एक मान वर करतो. कशावरून ओळखलं देव जाणे, चालण्यावरून असेल. घाटावरची बोली. तुमचं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही.

"पाऊस झाला का गा तिकडं?"

काय सांगणार? तुम्ही हो म्हणता. तो मान हलवतो आणि हातोडा उचलतो.

बाजारातली माणसं कैदखान्याला 'तेरुंकु' म्हणतात. आपला तुरुंग. दोन्ही पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आले, एक गोव्यामार्गे देशावर चढला, एक मलाक्कात उतरला. मेज इथे 'मेजा' आहे, अननस 'नानस'. आणि पश्चिमेच्या काठावरून सकाळपासून जी आरोळी येतेय, 'लेलोंग! लेलोंग!', ती म्हणजे आपला लिलाव. पोर्तुगीज गेले, त्यांचा दरारा गेला, पण स्वस्तात माल काढणाऱ्याच्या तोंडी त्यांचा शब्द राहिला. राज्यकर्त्यांची भाषा फेरीवाल्याकडे किती सुरक्षित राहते!

यापुढची पन्नास-साठ वर्षं तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसत्या रांगा बघता. १८९६ मध्ये तान चाय यान नावाचा इथलाच चिनी व्यापारी गावाबाहेर बुकित लिंतांगला रबराची लागवड करतो, देशातली पहिली व्यापारी लागवड. मग मळेच मळे. नागपट्टणहून तमिळ मजूर बोटी भरभरून येतात. त्यांना आणणारा कंगाणी त्यांच्याच गावचा असतो. दक्षिण चीनमधले मजूर कथिलाच्या खाणींत उतरतात. मलय शेतकऱ्यानं भात पिकवावा, मासे धरावेत, असं इंग्रजांना वाटतं. सुलतानाचे चार शाहबंदर तुम्हाला आठवतात. पण तेव्हा रांग जकातीपुरती होती. संध्याकाळी पुलावर सगळे एकाच दुकानात भाव करत. आता रांग म्हणजे गाव, काम, शाळा, मजुरी, सगळंच. मळ्यात राहणारा तमिळ आणि खाणीत राहणारा चिनी एकमेकांना भेटणार तरी कुठे? माझ्या मते या देशाची माणसं वेगळी होती म्हणून वेगळी राहिली नाहीत, त्यांना वेगळं राहण्यासाठीच आणलं गेलं.

२० फेब्रुवारी १९५६. आता हातात चौकोनी सेंट आहे, खरोखर चौकोनी, कडा गोलसर. बांदार हिलिरच्या मैदानात गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. 'बांदार' म्हणजे इथे शहर. आपल्या बंदराचं पाणी सुकलं आणि शहर उरलं. तुम्ही चौकोनी नाणी मोजून साताय घेता. तुमच्या डाव्या हाताला सोंगकोक टोपी घातलेले मलय म्हातारे, उजव्या हाताला खांद्यावर पोर घेतलेला तमिळ, पुढे पांढऱ्या शर्टातले चिनी दुकानदार. व्यासपीठावर मुख्यमंत्री तुंकू अब्दुल रहमान. लंडनहून करार करून आलेत. तारीख सांगतात : ३१ ऑगस्ट १९५७. आणि मैदान ओरडतं, 'मर्देका!'

मर्देका, स्वातंत्र्य. मूळ संस्कृत 'महर्द्धिक', ज्याच्याकडे मोठी ऋद्धी आहे तो. श्रीमंत असा अर्थ बेटाबेटांतून फिरत गुलामीतून सुटलेला असा झाला. मुठीत चार चौकोनी सेंट घेऊन तुम्हीही ओरडता. त्या क्षणी शेजारच्या तिघांपैकी कोणीही तुम्ही कुठले ते विचारत नाही.

पडद्यामागे एक सौदा झालेला आहे, तो त्या मैदानात दिसत नाही. चिनी आणि हिंदी लोकांना नागरिकत्व, मलयांना राज्यघटनेत खास स्थान. दोन्ही बाजूंना वाटतं आपणच जास्त दिलं. सौद्याचा कापूस स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी पेटतो. १० मे १९६९ ला निवडणूक झाली, १३ मेला क्वालालंपूरच्या रस्त्यांवर रक्त सांडलं. सरकारी आकडा १९६ मृत्यूंचा. तिथे तुम्हाला मी नेत नाही. त्यानंतर संसद स्थगित झाली आणि १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं : वीस वर्षांत देशातल्या भांडवलाचा तीस टक्के हिस्सा 'बुमिपुत्रां'च्या हाती आणायचा.

बुमिपुत्रा. हा शब्द महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पाटीवर फोडून वाचावा लागत नाही. आपल्याकडे तो मोर्च्यांत आणि भाषणांत असतो. इथे तो फॉर्मवरच्या रकान्यात आहे : घरावर सवलत, विद्यापीठात जागा, शेअरांत वाटा. मलय माणूस खरोखर गरीब होता, त्याच्या गावात शाळा नव्हती, आणि या धोरणानं कितीतरी खेडुतांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भूमी कोणाची हे ठरवायला रकाना पुरतो का, ते बघायचं तर या गावात एक जागा आहे.

अंगठा नाण्यावरून काढा. पुलाखाली पर्यटकांची बोट जातेय, वर फुलांनी, बाहुल्यांनी मढवलेल्या सायकलरिक्षा कर्कश गाणी लावून उभ्या आहेत. आजचा दिवस, दुपार टळलेली.

गावाच्या कडेला गजाह बेरांग भागात चिट्टींची वस्ती आहे. सुलतानाच्या काळात वाऱ्यासाठी थांबलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज. घरात मलय बोलतात, बायका सारोंग आणि कबाया घालतात, जेवणात नारळाचं दूध आणि बलाचान, आणि देव्हाऱ्यात शिव. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आपल्या भोगीला, पूर्वजांसाठी केळीच्या पानांवर जेवण वाढतात. पाचशे वर्षं झाली. रकान्यात मात्र ते बुमिपुत्र नाहीत. तिथल्या दारासमोरच्या पायरीवर तुम्ही घटकाभर टेकता. ही माणसं नाखव्याची शेजारी होती. त्याचंही एखादं नातवंड यात मिसळलेलं असेल, या विचाराला पुरावा नाही, पण उन्हात बसलेल्या माणसाच्या डोक्यात तो येतो.

तिथून चालत परत बाजारात. जुन्या सोनारगल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिनिटं लागतात. वाटेत चिट्टींचं १७८१ चं विनायकाचं देऊळ, शेजारी काम्पुंग क्लिंगची मशीद, पुढे सतराव्या शतकातलं चिन्यांचं चेंग हून तेंग मंदिर. मशिदीचं छप्पर सुमात्रातल्यासारखं थराथरांनी वर गेलेलं, मिनार पॅगोड्यासारखा, खांब युरोपी, आत व्हिक्टोरियन झुंबर. कुठल्याच एका शैलीच्या पंडिताला ती आवडणार नाही. मला ती फार आवडते. 'क्लिंग' म्हणजे कलिंगचे लोक, हिंदुस्थानी. आज हा शब्द माणसाला उद्देशून वापरला तर शिवी आहे, मशिदीला वापरला तर पत्ता.

या गल्लीला पर्यटनखात्यानं 'सलोख्याची गल्ली' म्हणून प्रसिद्धी दिली आहे. चार वाजता देवळातली घंटा, बांग आणि उदबत्तीचा धूर एकाच वाऱ्यावर येतात हे खरं. पण तुम्ही नीट बघितलंत तर मशिदीतून बाहेर पडलेला माणूस देवळात जात नाही, देवळातली बाई चेंग हून तेंगच्या पायऱ्या चढत नाही. तिघंही जिथे एकत्र दिसतात ती जागा गल्लीच्या तोंडाशी आहे. गूळ आणि नारळाचं दूध घातलेल्या चेंडोलच्या गाडीपुढे. तिथेही बोलणं चाललंय ते बर्फ जास्त घाल, गूळ कमी का, याबद्दल.

संध्याकाळी तुम्ही एकदा समुद्र बघायला म्हणून निघता आणि तो सापडत नाही. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत एके काळी लाटा येत. आता भराव टाकून समुद्र लांब ढकललाय. मर्देकाच्या मैदानावर भलामोठा मॉल आहे. थंड हवा फुकट मिळते म्हणून तुम्ही पंधरा मिनिटं आत फिरता. नेमकं कुठे उभं राहून आपण ओरडलो होतो, याचा अंदाज बांधायचा प्रयत्न करता. बुटांच्या दुकानाजवळ कुठेतरी असावं. दुकानासमोर ढिगात चपला ओतून एक पोरगा टाळ्या वाजवतोय, 'लेलोंग, लेलोंग!'

रात्री मामाकच्या टपरीवर. तमिळ मुसलमानांची ही दुकानं. 'मामाक' म्हणजे सरळ मामा. पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टीव्हीवर फुटबॉल, आणि मामा चहा एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओढतोय. तुमच्याकडे अकरा रिंगिट उरलेत. दोन रोटी, एक तेह तारिक, म्हणजे उद्या बसस्थानकापर्यंत जाण्याची सोय राहते. रोटी येते, बरोबर पातळ वरण. तुम्ही हातानं खाता, शेजारचा मलय मुलगाही हातानं, त्याच्याबरोबरची चिनी मुलगी चमच्यानं, आणि तिघंही त्याच वाटीतलं वरण संपल्यावर त्याच मामाला हाक मारता.

मग पाऊस येतो. इथला पाऊस पडायला लागत नाही, कोसळतो. पत्र्यावर असा आवाज की टीव्हीवरचा गोल कोणाला कळत नाही. रस्ता दोन मिनिटांत वाहायला लागतो. तुमची खाट चार गल्ल्या पलीकडे, छत्री बॅगेत, बॅग खाटेखाली.

पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा विचारतो, "दारी माना?" कुठले? तुम्ही सांगता. त्याला मुंबई एवढंच कळतं, तेवढ्यानं त्याचं भागतं. तुम्ही उठून रस्त्याकडे बघता, तर तो मान हलवतो.

"तुंगु हुजान," तो म्हणतो. थांबा पावसासाठी. आणि पायानंच समोरची खुर्ची तुमच्याकडे सरकवतो.